नव्या गुन्हेमालिकेचा पहिला भाग: मेलेल्या माणसाच्या वाट्याला काय येते?

अर्धविराम

परवा रात्री सुरू झालेल्या नव्या गुन्हेमालिकेचा पहिला भाग येथील बऱ्याच जणांनी पाहिला असेल, असे धरून हा धागा काढत आहे. मालिकेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आले की तिसऱ्या प्रतिसादापासून चर्चा नायिकेच्या जुन्या भूमिकांकडे वळते, असा आजवरचा अनुभव आहे. ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ‘जलतरणपटू मुलीचा मृत्यू’ एवढी खूण पुरेशी आहे. इतरांनी पहिल्या भागापुरता रसभंग गृहीत धरूनच पुढे वाचावे.

माझी तक्रार अशी आहे. पन्नास मिनिटांच्या या भागात तपास अधिकारी बाईंचा घटस्फोट झाला आहे, त्यांना रात्री झोप लागत नाही, वडिलांशी त्यांचे बोलणे बंद आहे आणि एका जुन्या प्रकरणात त्यांच्या हातून काहीतरी निसटले आहे, हे सारे आपल्याला समजते. जी मुलगी मेली तिच्याविषयी मात्र ती उत्तम पोहत असे आणि दिसायला सुंदर होती, यापलीकडे काही हाती लागत नाही. फलकावर टाचलेला तिचा हसरा फोटो कॅमेरा पुनःपुन्हा दाखवतो, पण ती कोणावर चिडत असे, तिला कशाची भीती वाटत असे, यांपैकी काहीही सांगण्याची लेखकाला गरज वाटलेली नाही. पहिल्या भागाने ओळख कोणाची करून द्यायची, मेलेल्या माणसाची की तपास करणाऱ्याची, यावर मते वाचायला आवडतील.

रातकिडा

ज्या नामांकित नटाला पहिल्या भागात अवघी दोन वाक्ये मिळाली आहेत, तोच खुनी आहे. माझ्यापुरता धागा येथेच संपला.

टिपकागद

अर्धविराम, आपण त्या मुलीविषयी काहीच समजत नाही असे म्हणता, तेव्हा मुद्देमाल खोलीतला प्रसंग आपण कसा वाचलात, हे जाणून घ्यायचे आहे. पहाटे 4.40 वाजता पाकिटात बंद केलेल्या तिच्या मोबाइलचा गजर वाजू लागतो आणि पडद्यावर ‘आता खरंच ऊठ’ असे तिने स्वतःच लिहून ठेवलेले शब्द उजळतात. पाकीट फोडण्याचा अधिकार नसलेला हवालदार खुर्चीवरून उठतो, दोन पावले पुढे येतो आणि गजर आपोआप थांबेपर्यंत तसाच उभा राहतो. पाच मिनिटांनी तो पुन्हा वाजतो. म्हणजे ही मुलगी पहिल्या गजराला उठणारी नव्हती, तिचा स्वतःवर फारसा भरवसा नव्हता आणि सरावाचा तिला कंटाळा येत असे. आईवडिलांच्या तोंडी दहा मिनिटांचे गुणगान घालून जे साधले नसते, ते एका गजराने साधले आहे. मला तरी त्या क्षणी ती फोटोतून बाहेर आल्यासारखी वाटली.

अर्धविराम

प्रसंग उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण तो संपतो कुठे, तेही पाहा. दुसरा गजर वाजत असताना दारात अधिकारी बाई येऊन उभ्या राहतात, कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर स्थिरावतो आणि लगेच त्यांच्या स्वतःच्या निद्रानाशाचा प्रसंग सुरू होतो. मुलीचा गजरसुद्धा अखेर बाईंच्याच व्यथेसाठी वापरला गेला.

शेवटचा_बाक

एक बारीक शंका आहे. जप्त केलेला मोबाइल पोलीस बंद करून ठेवत नाहीत का? तसे असेल तर गजर वाजण्याचा प्रश्नच उद्भवत नाही आणि एवढा गाजलेला प्रसंग तांत्रिक चुकीवर उभा आहे, असे म्हणावे लागेल.

बिनतारी

डिजिटल पुराव्यांच्या कामाशी माझा थोडाफार संबंध असल्यामुळे उत्तर देतो. चालू अवस्थेत सापडलेला मोबाइल शक्यतो चालूच ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे, कारण तो एकदा बंद होऊन पुन्हा सुरू झाला की परवलीचा आकडा टाकेपर्यंत आतील बराचसा मजकूर कुलूपबंद राहतो आणि तो बाहेर काढणे कितीतरी अवघड होऊन बसते. खरी काळजी असते ती कोणी दुरून आज्ञा देऊन मजकूर पुसून टाकेल याची. म्हणून त्याचा नेटवर्कशी संपर्क तोडतात आणि लहरी आत-बाहेर जाऊ न देणाऱ्या खास पाकिटात तो ठेवतात. गजर मात्र मोबाइलच्या स्वतःच्या घड्याळावर चालतो, त्याला नेटवर्क लागत नाही. त्यामुळे तो वाजणे शक्य आहे. पाकिटातून पडदा कसा काय दिसला, एवढेच विचारू नका. ती पारदर्शक खिडकी असलेली पाकिटेही मिळतात, असे समजून दिग्दर्शकाला माफ करू.

धुके

मूळ प्रश्नाकडे येते. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर 4 मार्च 2013 रोजी सुरू झालेल्या ‘ब्रॉडचर्च’चा पहिला भाग या बाबतीत मला आजही नमुनेदार वाटतो. सुरुवातीलाच खून झालेल्या मुलाचा बाप सकाळी कामाला निघतो आणि गावाच्या मुख्य रस्त्यावरून चालत जाताना भेटेल त्याच्याशी दोन शब्द बोलत जातो. हा सगळा भाग कोठेही न तोडता सलग चित्रित केलेला आहे. तेव्हा आपल्याला ती निव्वळ गावाची ओळख वाटते. पण पुढे ज्यांच्यावर संशय घ्यायचा आहे त्यांतली कितीतरी माणसे या दोन-तीन मिनिटांत हसून आपल्यासमोरून गेलेली असतात. इकडे आई वाहनांच्या रांगेत अडकते, किनाऱ्यावर काहीतरी सापडल्याचे कानावर येते, ती गाडी सोडून पळत सुटते आणि आच्छादनाबाहेर राहिलेले बूट पाहून तिला कळते. मुलगा स्वतः पडद्यावर जेमतेम दिसतो, तरीही तो कोणाचा कोण होता हे आपल्याला पक्के ठाऊक झालेले असते.

याच मालिकेतल्या अधिकाऱ्याच्या मागेही एक फसलेले जुने प्रकरण आहे. म्हणजे आपल्या नव्या मालिकेने वापरलेले तेच हत्यार. फरक इतकाच, की तेथे पहिल्या भागात त्याची नुसती चाहूल लागते आणि बाकीचे पुढच्या भागांत हळूहळू उलगडते. येथे मात्र पहिल्या पंचवीस मिनिटांत बाईंच्या आयुष्याची संपूर्ण कुंडली मांडून मोकळे झाले आहेत.

शंकासुर

मी या सगळ्यांच्या विरुद्ध बाजूने बोलणार आहे. पुढचे सात-आठ तास आपण जिच्यासोबत काढणार, ती व्यक्ती तपास अधिकारी आहे. मेलेले माणूस कितीही हृद्य असले तरी ते कथेत परत येणार नाही. प्रेक्षकाने कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे हे पहिल्या भागात ठरले नाही, तर पुढचा तपास पंचनाम्यासारखा कोरडा होतो.

शिवाय मेलेल्या माणसाविषयी काही वाटलेच पाहिजे, हा नियम कोणी केला? ‘कोलंबो’ ही अमेरिकी गुन्हेमालिका घ्या. 1971 साली ती नियमित मालिका म्हणून सुरू झाली तेव्हा पहिला भाग तरुण स्टीव्हन स्पिलबर्गने दिग्दर्शित केला होता. त्यात खून कोणी केला, कसा केला, हे आपण आधीच डोळ्यांनी पाहतो आणि चुरगळलेला डगला घातलेला अधिकारी बराच उशिरा येतो. प्रेक्षक मृताच्या आठवणीने व्याकूळ होण्यासाठी तेथे बसलेला नसतो. एवढा हुशार माणूस कोणत्या क्षुल्लक गोष्टीत अडकणार, याची त्याला उत्सुकता असते. ती मालिका पिढ्यान्‌पिढ्या पाहिली गेली.

पानगळ

शंकासुर, आपले उदाहरण आपल्याच विरोधात जाते, असे मला नम्रपणे वाटते. ‘कोलंबो’च्या पहिल्या भागात अधिकाऱ्याच्या खासगी आयुष्याविषयी काय समजते? त्याची पत्नी तर संपूर्ण मालिकेत कधी पडद्यावर येत नाही. आपण त्याला ओळखतो ते त्याच्या कामाच्या पद्धतीवरून, दारापर्यंत जाऊन मागे वळत ‘आणखी एकच गोष्ट’ विचारण्याच्या सवयीवरून. घटस्फोट आणि निद्रानाश सांगितला म्हणजे माणसाची ओळख झाली, हा समज मुळात तपासून पाहायला हवा.

माझ्या मते मृत की अधिकारी ही निवडच फसवी आहे. पहिला भाग प्रेक्षकाला एक वचन देतो: पुढे आपण कोणत्या प्रश्नाचा पाठलाग करणार आहोत. कोणी मारले, कसे पकडणार, का मारले, की या मृत्यूने मागे राहिलेल्यांचे काय झाले? प्रश्न ठरला की कोणाला किती जागा द्यायची, हे आपोआप ठरते. 2007 साली डेन्मार्कच्या सरकारी वाहिनीवर आलेल्या ‘फोरब्रुडेल्सन’ने वीस भाग घेतले आणि प्रत्येक भागात तपासाचा एकच दिवस दाखवला. पोलीस, शहराचे राजकारण आणि खून झालेल्या मुलीचे आईबाप असे तीन धागे त्यात शेवटपर्यंत समांतर चालतात. आईबापांना इतका वेळ दिला, कारण त्यांचे पुढे काय होते हाही त्या मालिकेचा प्रश्नच होता. अधिकारी साराह लुंड पहिल्या भागात नोकरीचा शेवटचा दिवस उरकून दुसऱ्या देशात जायला निघालेली असते. तिची एवढीच ओळख पुरते, कारण ती जात नाही यातच तिचा स्वभाव कळतो.

नव्या मालिकेची अडचण ही आहे की तिने अजून प्रश्नच ठरवलेला नाही. ती चारही गोष्टींचे थोडेथोडे वचन देते.

मधली_सुट्टी

एवढा गहन विचार चालू असताना मध्ये बोलणे बरे दिसत नाही, पण 21 जानेवारी 1998 रोजी सुरू झालेल्या ‘सीआयडी’ने वर्षानुवर्षे एकच वचन दिले आणि ते इमानाने पाळले: दार बंद असेल तर ते तोडले जाईल. प्रेक्षकाला यापेक्षा जास्त काय हवे असते?

शंकासुर

मधली_सुट्टी, थट्टा बाजूला ठेवली तरी मुद्दा बरोबर आहे. निकाल लवकर लागणार, हे तेथे पहिल्यापासून ठाऊक असे. त्याच मालिकेने 2004 मध्ये 111 मिनिटांचा एक भाग एकाच सलग चित्रणात केला होता, हे आजच्या पिढीला सांगूनही खरे वाटत नाही. वचन साधे असले की मांडणीत धाडस करता येते, असे त्यावरून म्हणता येईल.

उभा_छेद

शवविच्छेदन हा माझ्या व्यवसायाचा भाग आहे, म्हणून एका प्रसंगाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. तलावाच्या काठावर डॉक्टर मुलीचे मनगट उचलून पाहतात आणि ‘मृत्यू रात्री 11 ते 11.30 च्या दरम्यान’ असे सांगून हातमोजे काढतात. असे अर्ध्या तासाचे उत्तर कोणीही देऊ शकत नाही. ताठरता साधारणपणे मृत्यूनंतर दोन-चार तासांत पापण्या आणि जबड्यापासून जाणवू लागते, सुमारे बारा तासांत सर्वांगात येते आणि पुढे ओसरते. पण उष्णता, थंडी, मृत्यूपूर्वीचे श्रम यांनी हे सारे मागेपुढे होते. शरीराचे तापमान हवेपेक्षा पाण्यात कितीतरी वेगाने उतरते, त्यामुळे पाण्यातल्या मृतदेहाच्या बाबतीत नेहमीचे आडाखे आणखी डळमळीत होतात. प्रामाणिक डॉक्टर काही तासांचा पट्टा देईल आणि तोही हातचे राखून.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ती बुडून मेली की मेल्यानंतर पाण्यात टाकली गेली, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नाही. बुडून झालेला मृत्यू सिद्ध करणे आमच्या कामातल्या अवघड गोष्टींपैकी एक आहे. बऱ्याचदा इतर कारणे एकेक करून बाजूला सारत आम्ही त्या निष्कर्षापर्यंत येतो. अट्टल पोहणारी मुलगी तलावात मृत सापडते, यापेक्षा चांगली सुरुवात लेखकाला मिळाली नसती, आणि ती त्याने हातमोज्यांबरोबर काढून टाकली. वेळेचा पट्टा चार-पाच तासांचा ठेवला असता, तर संशयितांची संख्याही आपोआप वाढली असती.

टिपकागद

उभा_छेद, हा प्रतिसाद मालिकेच्या लेखकाने वाचायला हवा. मला स्वतःला डॉक्टर इतक्या खात्रीने बोलतो याचाच संशय आला होता; कदाचित तोही त्यात असेल.

रातकिडा

डॉक्टरला तीन वाक्ये आहेत. माझ्या नियमात तो बसत नाही.

निवांत_निरीक्षक

पहिल्या भागात सगळे कोंबण्याची सवय कोठून आली, याकडेही पाहावे. अमेरिकेतील वाहिन्यांच्या जुन्या पद्धतीत आधी एकच नमुना भाग बनत असे आणि तो पाहून अधिकारी मंडळी पुढची मालिका करायची की नाही, हे ठरवत. त्यामुळे लेखक प्रेक्षकाआधी त्या खोलीतल्या आठ-दहा जणांसाठी लिहीत असे आणि नायकाचे दुःख, विनोदी सहकारी, जुने वैर असे सारे काही त्यांच्या पुढ्यात मांडून ठेवणे त्याला भाग होते. ‘द वायर’सारख्या मालिकेलाही यातून सुटका नव्हती. 2002 मधल्या तिच्या पहिल्या भागाच्या अखेरीस मेलेला माणूस कोण हे प्रेक्षकाला आठवावे, म्हणून वाहिनीच्या आग्रहावरून आधीच्या दृश्याचा एक तुकडा पुन्हा दाखवला गेला, आणि ते निर्मात्यांना रुचलेले नव्हते.

आता परिस्थिती बदलली आहे. ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’साठी नेटफ्लिक्सने नमुना भाग न मागता एकदम दोन पर्वांचे 26 भाग मागवले होते. संपूर्ण पर्व आधीच मंजूर असताना पहिल्या भागात इतकी घाई करण्याचे कारण उरत नाही. उरली आहे ती फक्त सवय, आणि प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत पळून जाईल ही भीती.

शेवटचा_बाक

भीती निराधार नाही. माझ्या घरी रिमोट ज्यांच्या हाती असतो, त्यांनी सातव्या मिनिटाला मृतदेह दिसेपर्यंत तीनदा वाहिनी बदलायची धमकी दिली होती.

धुके

‘द वायर’चा विषय निघालाच आहे, तर तिचे पहिले दृश्य आठवा. एका मुलाचा मृतदेह रस्त्यावर पडला आहे आणि अधिकारी पायरीवर बसून त्याच्या ओळखीच्या माणसाशी बोलतो आहे. दर आठवड्याला जुगाराच्या डावातले पैसे उचलून पळणारा हा मुलगा, त्याला दर वेळी पकडून बदडणारे सोबती, आणि तरीही पुढच्या वेळी त्याला डावात बसू देणारे तेच सोबती. काही मिनिटांत तो मुलगाही कळतो, ते शहरही कळते, आणि अधिकारी ऐकून घेणारा माणूस आहे हेही कळते. पुढे त्या खुनाचा तपास हा मालिकेचा विषयच नाही. शंकासुर यांना अधिकारी हवा आहे आणि अर्धविराम यांना मृत; दोघांनाही येथे एकाच पायरीवर जागा मिळाली आहे.

अर्धविराम

धुके यांचे हे उदाहरण मला हवे होते तेच सांगते. आणखी एक जोडतो. 22 मार्च 2019 रोजी आलेल्या ‘दिल्ली क्राइम’च्या पहिल्या पर्वाने प्रत्यक्ष अत्याचाराचे दृश्य दाखवलेच नाही. तेथेही केंद्रस्थानी अधिकारी बाईच आहेत, पण त्यांची अस्वस्थता घडलेल्या घटनेतून येते, त्या ती सोबत घेऊन आलेल्या नसतात. अधिकाऱ्याला जागा देण्याला माझा आक्षेप नाही. ती जागा मुलीच्या वाट्यातून कापून द्यावी लागते, याला आहे.

पानगळ

सुंदर मुलीच्या फोटोचा विषय निघाला की 8 एप्रिल 1990 रोजी सुरू झालेल्या ‘ट्विन पीक्स’ला टाळता येत नाही. चौकटीतला तो हसरा फोटो पुढे इतक्या मालिकांनी उचलला की आता तो दिसला की मला कंटाळा येतो. पण तेथे फोटो ही सुरुवात होती. हसऱ्या मुलीचे दुसरे आयुष्य काय होते, हाच त्या मालिकेचा प्रश्न होता. निर्मात्यांना खुनी इतक्या लवकर उघड करायचा नव्हता. वाहिनीच्या दबावामुळे त्याच वर्षी दुसऱ्या पर्वात तो उघड करावा लागला आणि त्यानंतर मालिकेची पकड सुटली, 1991 मध्ये ती बंदही झाली. वचन मोडले की काय होते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण माझ्यापाशी नाही.

निवांत_निरीक्षक

नवी मालिका आठवड्याला एक भाग अशी येते आहे, ही त्यातली समाधानाची गोष्ट. ‘कोणी मारले’ या प्रश्नाला मधले सहा दिवस लागतात. तर्क लढवायला, चुकायला, भांडायला. सगळे भाग एका रात्री आले असते तर हा धागा निघेपर्यंत निम्म्या लोकांना शेवट ठाऊक असता आणि उरलेल्यांनी कानात बोटे घातली असती.

टिपकागद

काल रात्री दुसरा भाग आला. रसभंग न करता एवढेच सांगते, की भाग मुलीच्या मैत्रिणीच्या जबाबाने सुरू होतो आणि तो जबाब थेट, मध्ये काहीही न तोडता, जवळजवळ नऊ मिनिटे चालतो. मेलेली मुलगी खोटे बोलायची, पैसे उसने घेऊन परत करत नसे, आणि हरलेल्या मुलींना पोहण्याचे डाव शिकवायला सर्वांच्या नंतरही थांबत असे, हे सगळे त्यात येते. अधिकारी बाई मोजून चार प्रश्न विचारतात.

शंकासुर

नऊ मिनिटे चांगलीच आहेत, हे कबूल. पण पहिल्या भागात बाईंचा निद्रानाश पाहिलेला नसता, तर त्या मैत्रिणीला इतका वेळ न टोकता का ऐकत बसतात, हे आपल्याला जाणवले असते का? माझे मत मी बदललेले नाही.

अर्धविराम

जाणवले असते. कारण त्या प्रसंगात निद्रानाश कोठेच नाही, फक्त ऐकणे आहे. जे दुसऱ्या भागात जमले ते पहिल्यात जमू शकत होते, एवढेच माझे म्हणणे होते आणि आहे. चौथ्या भागापर्यंत पाहणार आहे. मैत्रिणीच्या जबाबातला उसन्या पैशांचा तपशील नुसता स्वभाव दाखवण्यासाठी आलेला नाही, असे मला वाटते.

उभा_छेद

दुसऱ्या भागात शवविच्छेदनाचा अहवाल टेबलावर येतो, पण कोणी उघडून वाचत नाही. पान थांबवून पाहिले, तर फुप्फुसांविषयीचा रकाना दिसतो आणि त्यात लिहिलेले बुडण्याशी जुळत नाही. कलाविभागाने सहज काहीतरी भरले असेल तर गोष्ट वेगळी. मुद्दाम लिहिले असेल तर ती तलावात मेलेलीच नाही.

रातकिडा

दोन वाक्यांचा तो नट दुसऱ्या भागात आलाच नाही. संशय दुप्पट झाला आहे.